उसना पराग

मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात
एक फूल उभं कापून ठेवलंय.
खाली हिरवी निदलं, वर पाकळ्या,
पाकळ्यांच्या आत पुंकेसरांची गोल बैठक,
आणि मधोमध ती: कुक्षी, तिचा लांब गळा,
गळ्याखाली अंडाशयाचं मडकं.
प्रत्येकाला एक बाण, बाणाच्या टोकाला नाव.
सैफ विचारतो, "सगळे एकाच घरात?"

पुस्तकातल्या फुलाचं बरं असतं.
आमच्या वाडीत नर वेगळं झाड, मादी वेगळं झाड.
अठ्ठावीस खजुरी, आणि एकच नर.
तोही गेला.
सोंड्या भुंग्याने आतून त्याचा भुसा केला;
बाबांनी बुंध्याला कान लावला तेव्हा
आत कुणीतरी जेवत होतं.

फेब्रुवारीत पोया तडकल्या.
पांढुरक्या काड्यांवर ज्वारीएवढी फुलं,
ना रंग, ना वास, पाकळ्या असून नसल्यासारख्या.
मधमाशीची मनधरणी यांनी कधी केलीच नाही,
सगळा भरवसा वाऱ्यावर.
आणि वाऱ्यावर भरवसा ठेवून
कुणाची कणगी भरलीय?

पलीकडे हुमैद बिन राशिदचा नर उभा होता,
पिवळा, भरलेला.
अकरा वर्षं त्याची आणि बाबांची बोलाचाल नाही.
फलजचं पाणी. कुणाची पाळी कुठे संपते, एवढंच.
ते पाणी अजूनही त्याच्या वाडीतून आमच्या वाडीत येतं,
न विचारता.

मी पहाटे गेले.
रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कॉफीची किटली नेली.
तो किटलीकडे बघत म्हणाला,
"पोय उघडून किती दिवस झाले?"
"तीन."
"मग बोलत काय उभी आहेस, नसरा?"

सत्तरीचा माणूस झाडावर चढला.
खाली आला तेव्हा भुवया पिवळ्या होत्या.
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या देताना
पुडा हलवू नकोस, म्हणाला. बाकी काही नाही.

बाबांचा दोर कमरेला बांधून मी चढले.
(ते दुपारी झोपतात. गुडघे गेल्यापासून गाढ.)
मादीच्या झुपक्यात नराच्या काड्या उलट्या खोचायच्या,
वरून झावळीच्या पात्याने सैल गाठ.
पराग उडतो, ओल्या कणकेसारखा वास येतो,
शिंक दाबून धरायची.
एखादा कण कुक्षीवर टेकतो, तिथेच रुजतो,
आणि त्या एवढ्याशा गळ्यातून
अंधारात बोट घालत घालत
बीजांडापर्यंत पोचतो.
मी हे पाहिलेलं नाही. सैफने वाचून दाखवलं.

एकेका फुलात तीन खोल्या असतात.
एकीत बी धरलं, की ती फुगते,
बाकीच्या दोघी गळून पडतात.
एप्रिलभर माझ्या ओढणीत
हिरवे बारीक दाणे सापडत होते.
मी ते झटकले नाहीत लगेच.

जूनच्या शेवटी खुनैझी पिकली. दहा दिवस आधीच.
बाबांनी एक फळ तोंडात टाकलं,
बी काढून तळहातावर घेतली, उलटीपालटी केली.
आमच्या नराची बी लांबट असायची.
ही आखूड, बुटकी.
"हुमैदचा नर," ते म्हणाले.
माझा हात ताटलीवर तसाच राहिला.
त्यांनी दुसरं फळ उचललं.

हुमैदकडे कुणी गेलं नाही अजून.
ताटली झाकून ठेवलीय.

उत्तरेकडच्या झाडावर एक घोस माझ्याकडून राहून गेला होता.
झावळीमागे होता, दिसला नाही.
त्यावर पराग पोचलाच नाही,
म्हणून तिथे कुणी कुणासाठी गळून पडलं नाही:
तिघी तिघी अजून चिकटून आहेत देठाला,
एकसारख्या, बोराच्या बीएवढ्या,
बिनबियांच्या, तुरट.
सैफ म्हणतो, तोडून टाकू.
मी म्हणते, असू दे.