श्रिंकेजची पट्टी

गंगावेशीत रात्री म्हशी पिळतात तिथं
फेसाचा ग्लास हातात धरून
मी हद्दवाढीवर बोलायला लागलो
की इलाही घड्याळ बघतो.
"आलास कवा?"
मंगळवारी.
"मग अजून चार दिस बोल. शनिवारनंतर तूबी गप बसतोस."

एकोणतीस वर्षं सोहारला.
त्याआधी उद्यमनगरात,
गुंडू मिस्त्रींच्या हाताखाली पॅटर्नमेकर.
पहिल्या आठवड्यातच त्यांनी एक पितळी पट्टी दिली,
म्हणाले, हिचा इंच जरा मोठा हाय.
बीड थंड होताना आकसतंय,
म्हणून लाकूड आधीच वाढवून कापायचं.
हिनं घरातलं काय मोजू नको कधी.

मी तीच पट्टी बॅगेत टाकून विमानात बसलो.

तिकडं जुलैत, रात्री दीड वाजता,
एसीखाली पांघरूण घेऊन
(बाहेर तेव्हाही चौतीस डिग्री)
मी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो.
अडतीस फूट चार इंच.
अडतीस सात.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं मला माहीत नाही.
दाराबाहेर चपला असतात,
आधी लहान होत्या, नऊ वर्षांत मोठ्या झाल्या, एवढंच.
पण सुतारवाड्यात पाणी कधी शिरणार
ते मी इंचात सांगू शकतो.
एकदा इलाहीला फोन लावून उठवलं:
सामान वर घे!
"आरं मी पाण्यातच उभा हाय,
फ्रिज उचललाय, ठेव फोन."

तिकडं, मी सांगतो, रस्ता रात्रीत होतो,
सकाळी पांढऱ्या पट्ट्यासुद्धा.
तिकडं कोण उगाच हॉर्न मारत नाही.
तिकडं अर्ज दिला की मेसेज येतो.
रंकाळ्याची जलपर्णी, स्टँडसमोरचे खड्डे,
नळाला पाणी येतं त्या वेळा,
सगळ्यांवर माझ्याकडं उपाय आहेत,
खजुराच्या डब्यांसोबत आणलेले.

"बरं," इलाही मिशीवरचा फेस पुसतो,
"तिथली बातमी सांग की एखादी.
तिथलं काय पटत न्हाई तुला?"

म्हैस शेपटी मारते. मी आठवतो.
दर दोन वर्षांनी कार्ड नवं होतं,
कार्डावर लिहिलंय मी कुणाच्या जबाबदारीवर आहे.
पाहुण्यानं आमटी अळणी आहे म्हणायचं नसतं,
एकोणतीस वर्षं जेवला तरी.
मतं तर होतातच, ती काय व्हिसा विचारत नाहीत.
मग ती साठतात, आणि इथं येऊन सांडतात,
नको त्या ताटात.

इथल्या यादीतनंही माझं नाव उडालंय.
कारणाच्या रकान्यात छापलेलं होतं
'मयत / स्थलांतरित'.
दोहोंतलं एक खोडायचं असतं.
कुणी खोडलं नव्हतं.

काल उद्यमनगरात गेलो.
मिस्त्रींची नात पॅटर्न आता मशीनवर कापते.
पट्टी दाखवली तर हातात धरून म्हणाली,
"काका, ही चुकीची आहे."
मग हसली, "म्हणजे बरोबर आहे, पण
आता सूट कॉम्प्युटरच धरतो."
चहा दिला. आजोबांची तसबीर कंप्रेसरच्या वर.
घरी येऊन मी उंबरा मोजलाच.
वडील छत्तीस म्हणायचे.
पट्टीवर छत्तीसला थोडा कमी भरला.
दोनदा मोजला.

"दोन ग्लास आणि लाव," इलाही ओरडतो.
धार काढता काढता गवळी मान वळवतो,
माझ्या बुटांकडं बघतो.
"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

मी तोंड उघडेपर्यंत इलाही म्हणतो,
"पूररेषेच्या आतलं."

गवळी मान डोलावतो, जणू पत्ता पुरला.
आणि चाराच्या जागी पाच ग्लासांचे पैसे लावतो.
ह्यावरही माझं मत आहे.