हातचा

सामोरा गावात, दुएरो नदीच्या काठी,
पुरुषाच्या नावाआधी 'दोन' लावायची रीत होती, आदराने.
दोन एलादियो.
मोजदाद बरोबर होती, हे ओब्दुलियाला पुढे कळलं:
एक क्लबात बसून पाद्र्यांना टोमणे मारणारे,
गरिबाचा खटला फुकट लढणारे वकील;
आणि एक,
पाहुणे गेले की तिला 'मुली' म्हणायचं थांबवणारे.

ती आली तेव्हा एकोणीस पूर्ण,
कायद्याने तेविसापर्यंत अजाण.
पाच नातेवाइकांनी दाट चॉकलेट पिता पिता ठराव केला,
सह्या केल्या, मिशा पुसल्या.
सोबत एक ट्रंक, सहा उशांचे अभ्रे,
आणि वडिलांची हरभऱ्याची जमीन.
जमीन उचलून आणता येत नाही,
तिचे कागद आले.

रोज रात्री हिशेब.
मेजाखाली निखाऱ्यांचं घमेलं,
गुडघ्यांवर जाड चादर, दोघांत एकच.
उबेला त्या घरात दुसरी जागा नव्हती.
ओब्दुलिया पाय खुर्चीखाली ओढून घ्यायची,
मग बोटं बधिर व्हायची,
मग तीच बरी वाटायची.
"बूट, तुझे. क्विनाइन, तुझं.
सात नि पाच बारा. दोन लिहिले, हातचा एक."
हा हातचा जातो कुठे, तिने एकदा विचारलं.
ते हसले. "तो मनात जपायचा असतो.
कागदावर दिसू द्यायचा नाही."
कासिल्दा स्वयंपाकघरात लसूण सोलत होती.
तिला सगळं ऐकू यायचं.
ती आणखी एक गड्डा घ्यायची.

तेविसावं सरलं त्या सकाळी
ओब्दुलिया कोट घालून नदीवर गेली,
पाणचक्क्यांपाशी उभी राहिली.
मनोऱ्यावर करकोचे चोची वाजवत होते,
पिठाचा पांढरा धुरळा बाहीवर बसला.
कुणी अडवलं नाही.
याचं तिला थोडं वाईटही वाटलं.
दुपारी दोन एलादियोंनी कायद्याचं पुस्तक उघडलं:
बिनलग्नाची मुलगी पंचविशीआधी घर सोडत नाही.
मुलगी, ते म्हणाले.
त्या दिवशी पुन्हा मुलगी.

पंचविशीही आली. बाजाराच्या दिवशी आली,
मासे महाग होते,
कोणाच्याच लक्षात राहिली नाही. तिच्या राहिली.
तिने ट्रंक उघडली, अभ्रे मोजले,
ट्रंक बंद केली.
का, ते विचारू नका. मी विचारलं,
आणि कविता आठवडाभर पुढे सरकेना.

मग फेब्रुवारीत त्यांची उजवी बाजू गेली.
जीभ अर्धी गेली,
नावापुढचं 'दोन' गळून पडलं.
उरला एलादियो. एकेरी.
किल्ल्या कासिल्दाने बिनबोलता मेजावर ठेवल्या,
एप्रनला हात पुसत, जणू माशाचे खवले.

खतावणीत
जमीन चार वर्षांपूर्वीच विकलेली होती.
क्लबाची वर्गणी, तिच्या नावे.
सिगार, तिच्या नावे.
गरिबांचे फुकट लढलेले खटले,
तेसुद्धा.

आता रात्री ती मांडते हिशेब.
चादर त्याच्या गुडघ्यांवर, पूर्ण.
स्वतःचे पाय ती निखाऱ्यांपाशी सरळ पसरते.
हरभऱ्याचं सूप चमच्याने भरवते,
हनुवटीवर ओघळलेलं पुसते, हात हलका आहे तिचा,
आणि मोठ्याने वाचते:
"सूप, तुझं. डॉक्टर, तुझा. मलमपट्टी, तुझी."
"तुझं" म्हणताना ती थोडी थांबते.
उच्चार नवा आहे, दातांत अडकतो.

काल त्याने डावा हात उचलला,
एक बोट वर केलं.
पाणी हवं असेल. किंवा पाद्री,
आयुष्यभर ज्याला हसला तोच.
किंवा तो एक,
जो कधीच लिहिला नाही.

कासिल्दा दारात येऊन उभी राहिली.
ओब्दुलिया उठली,
पण लगेच नाही.
आधी तिने बेरीज पूर्ण केली.