बाहेर बसलेली मिनिटं

निवड समिती बसली आहे चित्रकलेच्या वर्गात.
भिंतीवर सातवी ब-ची फुलपाखरं,
टेबलावर भज्यांचा तेलकट कागद
आणि माझी गुणपत्रकं, तीन मोसमांची,
सुतळीने बांधलेली.

हेमांगी वैती, शिवडी. चढाई.
घोसाळकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"संघ किती जिंकला?"
एकवीसपैकी चार.
"मग झालं की," म्हणाले, आणि भजं उचललं.

एकतीस वर्षं मी कबड्डीचे गुण लिहितोय.
दिवसा गोदीत वजनं लिहायचो.
वजनाचं बरं असतं,
काट्यावर पोतं एकटं चढतं.

इथे कोण एकटं आहे?
चढाईला ती एकटी जाते हे खरं,
दम धरून, सात जणींच्या अंगणात.
पण धरली गेली की रेषेबाहेर येऊन बसते,
आणि मग तिचं उठणं तिच्या हातात नसतं.
आपल्यातल्या कुणीतरी कुणाला तरी बाद करावं
तेव्हा पंच खूण करतो
आणि मेलेली उठून आत येते.
असा आमचा खेळ.

काळाचौकीच्या सामन्यात ती सात मिनिटं बाहेर होती.
मी मोजली. कुणी सांगितलं नव्हतं.
सात मिनिटांत संघाचा एक गुण नाही.
उजव्या कोपऱ्यात कल्पिता, रात्रभर कोळंबी सोलून आलेली,
बोटं अजून पांढरी, सुरकुतलेली.
समोरची पाय टाकून गेली, हिने हवा धरली.
हेमांगी बाकावर, गुडघ्याची माती नखाने खरवडत.
ओरडली नाही. एकदाच म्हणाली,
"कल्पे, पायाकडे बघ गं, तोंडाकडे काय बघतेस?"
सहा गुणांनी हरल्या.
बाहेर बसलेल्या मिनिटांना
पत्रकात रकाना नाही.

हे मी बोललो. जमेल तसं बोललो.
घोसाळकर म्हणाले, "तुम्ही लिहा, राव."

दळवीबाई बोलल्या तेव्हा मात्र माझी पेन्सिल थांबली.
बाई खेळलेल्या, करंगळी अजून वाकडी.
"पोरगी चांगलीच आहे, नाही कोण म्हणतंय?
पण कर्णधार ना ती?
बाकीच्या सहा जणी तीन वर्षांत होत्या तिथेच,
हे कुणाच्या नावावर लिहायचं?"

आणि मला नायगाव आठवलं.
बरोबरी. शेवटची चढाई.
रिकामी परतली असती तरी चाललं असतं,
जादा डाव मिळाला असता.
ती बोनसला गेली, धरली गेली.
हाव म्हणू?
की मागे उभ्या असलेल्यांवर भरवसा नव्हता?
की सगळं आपणच उरकायची सवय,
घरच्या थोरलीला असते तशी?
माझ्या पत्रकात त्या जागी
एक तिरकी रेघ आहे फक्त. समोरच्यांच्या खात्यात.

राखीव, असं लिहिलं शेवटी.
"पुढच्या वर्षी संघ जिंकवून दाखव म्हणावं."
कागदाची सुतळी बांधताना
माझी गाठ दोनदा सुटली.

दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन शिवडीला गेलो.
खाडीचा चिखलट वास, दिवे लागायचे होते,
अर्धं मैदान कुणाच्या तरी हळदीच्या मंडपाने गिळलेलं.
उरलेल्या अर्ध्यात दोघीच.
हेमांगी पाय पुढे टाकत होती, मुद्दाम, संथ,
"धर. माझा धर. पोटरी नाही गं, घोटा.
परत."
कल्पिताने धरला. ती आपटली.
"परत."

मी मंडपाच्या बांबूला टेकून उभा,
निरोपाचा कागद खिशात.
हातात पेन्सिल नव्हती तरी
सवयीने मोजत गेलो.
सतराव्यांदा पडली तेव्हा
उठायला कल्पिताने हात दिला,
आणि हेमांगी, मातीतच बसून,
हसली.