उतरताना

ग्रिम्सबीच्या दवाखान्यात, मंगळवारी दहा वाजता
तिनं मोजा काढला
आणि पाऊल माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, सॉरी,
बघवत नाही ते.

इंगेलिसा रावनकिल्डे, वय एक्याऐंशी.
अंगठा आत वळलेला, शेजारचं बोट त्याच्यावर चढलेलं,
चवड्याखाली घट्टा, सुकल्या खारकेसारखा.
आमच्याकडे पायाला हात लावला की नमस्कार होतो.
इथे फॉर्मवर लिहितात : तपासणी.

हे हाड कधी मोडलं?
कोपनहेगनला. एकोणीस वर्षांची होते, दुसरा अंक चालू होता.
तिसऱ्यात माझं लग्न होतं,
केलं, त्याच पायावर.
आणि घोट्यावरची ही शिवण?
लंडन, ती म्हणाली, आणि बराच वेळ
खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिली.
त्यानंतर उड्या दुसऱ्यांनी मारायच्या,
मी मोजायच्या.

मग या मासळीच्या गावात कशा आलात?
नावातलं शेवटचं अक्षर आमचं आहे, डॅनिश.
बी, म्हणजे गाव.
मराठीत बी म्हणजे बियाणं, मी सांगितलं.
तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, आमच्या उच्चारात.

गालिच्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिनं नाच बसवला
कॉड सोलणाऱ्या बायकांवर. अठरा मिनिटं,
वाद्य नाही, नुसती मनगटं.
पहिल्या खेळाला तेवीस माणसं,
त्यांतल्या अकराजणी फॅक्टरीतल्या.
एक म्हणाली, बाई, सुरी अशी धरलीत
तर बोट जाईल.
दुसऱ्या खेळाला सगळ्यांच्या मुठी बदललेल्या.

अजून शनिवारी वर्ग घेते, खुर्चीत बसून, डोळे मिटून.
पोरी उडतात. कुणाची टाच वाजली
की हिची काठी वाजते : केरी-ॲन, तू.
वर जायला तरुणपण पुरतं, म्हणते,
खाली यायला शिकावं लागतं.

मी लाकडी पायरी पुढे ओढली.
घरी रोज दहा वेळा, असं, सावकाश,
म्हणत स्वतः उतरून दाखवलं.
ती माझ्या तोंडाकडे नाही,
पावलांकडे बघत होती.
पुन्हा, म्हणाली.
मी पुन्हा चढले, उतरले.
मान तिरकी करून तिनं ऐकलं.
पुन्हा.

साडेदहाचे मिस्टर ऑल्डरिज
दारात येऊन उभे होते, टोपी हातात घेऊन.