उजवा कोपरा

बर्फावर पडून वाइकेचा खांदा निखळला,
पुन्हा नीट बसला नाही.
म्हणून तिच्या प्रत्येक चित्रात
वरचा उजवा कोपरा कोरा.
तालिनच्या जाणकारांनी त्याला मौन म्हटलं.
ती म्हणायची, हात पोचत नाही, बाबांनो.

आता हिउमा बेटावरच्या त्याच शेडमध्ये
त्रीनू करडा कालवते,
होड्यांना फासतात तो.
युद्धानंतर वाइकेला दुसरा मिळतच नसे.
एक आडवा पट्टा. त्यावर दुसरा, जरा बिचकलेला.
खाली गंजाची रेघ, नांगराच्या दोराएवढी जाड.

मग कोपरा.
त्रीनूचा हात धडधाकट, सहज पोचतो तिथवर.
तीन दिवस ती ब्रश धुते, चहा करते,
कोपऱ्याकडे पाठ करून बसते.
वाइकेचं न पोचणं खरं होतं,
हिचं नुसतं थांबणं.

चौथ्या दिवशी मफलरनं
कोपर बरगडीशी आवळून बांधलं.
रंग जिथं संपला, तिथं संपला,
फाटक्या काठासारखा.

संध्याकाळी होड्यांवाला एंडेल आला, ऐंशीचा.
टोपी काढून बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, करडा चुकलाय.
आमच्यात माशाचं तेल असायचं.
सुकता सुकत नसे.