स्पोयका

चेक भाषेत एकच शब्द पुरतो: स्पोयका.
मोटारीचा क्लच म्हणजे स्पोयका.
ऑर्गनच्या वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांना बांधणारी खुंटी,
तीही स्पोयका.
व्याकरणात ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’,
आणि युद्धात बुटाच्या तळव्यात चिठ्ठी घालून
पलीकडच्या गावी जाणारी पोर.

मीही होते. सात वर्षं.

बाबा चेस्का त्रेबोवाच्या यार्डात डबे जोडायचे.
उतारावरून डबा यायचा, माणसाच्या चालीनं,
आणि बाबा वाकून बफरखालून आत.
दोन डब्यांमध्ये एक चौकोन असतो,
नियमानं माणसासाठी राखलेला.
पोट सुटलेल्या माणसासाठी नियमात काही नाही,
असं म्हणून बाबा रात्रीची भाकर अर्धीच खायचे.
कडी उचलायची, आकड्यात टाकायची,
स्क्रू फिरवायचा, हवेचा पाइप लावायचा,
फुस्स झालं की हात वर.

आई टेकडीवरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.
घरी दोघांत विस्तव जात नव्हता.

‘बापाला सांग, सूप गार होतंय.’
बाबा तीन फुटांवर.
‘तिला सांग, ऐकलं.’
मी सांगायचे. सुरुवातीला जसंच्या तसं.
पुढे पुढे पदरचं घालून:
आई म्हणते, या ना.
बाबा म्हणतात, वास छान येतोय.
दोघंही माझ्याकडे बघायची
खोटं नाणं उलटसुलट करून बघावं तशी,
पण खर्चायची.
त्यांच्यात ‘पण’ पुष्कळ होते.
‘आणि’ मी एकटी.

मग आई बर्नोला बहिणीकडे गेली ती गेलीच.

आता मी ऑर्गन दुरुस्त करते.
या वसंतात तोच आला, टेकडीवरचा,
भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेला.
पट्टी दाबून धरायला माणूस हवा होता.
बाबांना बोलावलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे.
उजवा कान यार्डात राहिला.

मी आत, शिशाच्या नळ्यांच्या रानात, दातात बॅटरी.
‘खालची दाबा. डावीकडून तिसरी पांढरी.’
त्यांनी दाबली.
वरच्या ओळीतली तिसरी पांढरी
आपसूक खाली गेली.
बाबांनी चटका बसल्यासारखं बोट उचललं.
‘कुणी दाबली?’
‘कुणी नाही. जोडलंय.’
बराच वेळ गेला.
‘एवीस वर्षं ऑर्गनवालीचा नवरा होतो,’ म्हणाले,
‘इथवर कधी चढलो नाही.’

पुढचा सूर थांबेचना.
बोट काढलं तरी तो चालूच,
छताखाली अडकलेल्या माशीसारखा.
बाबांना तो कानानं नाही, लाकडातून कळला.
‘आवळलंस जास्त,’ बाहेरून म्हणाले.
‘मालगाडीची कडी अशी पिळत नाहीत.
बफरनं बफरला नुसतं टेकायचं.
वळण आलं की डब्याला वळावं लागतं, बाई.
थोडा खेळ ठेव.’

कातडी चकती मी अर्धा आटा मागे फिरवली.
सूर गेला.

‘तिला सांग,’ बाबा म्हणाले,
आणि मी नळ्यांमधून, तोंडातली बॅटरी काढून,
‘फोन तुमच्याच खिशात आहे.’

मग काहीच नाही.
बाक करकरलं.
खाली स्टेशनात कुठलीशी मालगाडी निघाली असावी:
पहिला जोड ताणल्याचा खट्,
मग दुसरा, मग त्यामागचा,
लांब लांब जात.
शेवटच्या डब्याला कळायला
वेळ लागतो.