नाकासमोर

मोशीत, घड्याळाच्या चौकापलीकडे
माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं
अंगठ्यानं टायर दाबून हवा सांगत आलो,
मीटर कधी लावलाच नाही.
म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एलियामानी, डोळ्यातला दाब एकतीस आहे,
तेव्हा मी म्हणालो, व्हॉल्व्ह दाखवा, सोडतो थोडी.

त्या हसल्या. मग कागदावर डोळा काढला,
कोपऱ्यात एक बारीक जाळी.
पाणी इथून झिरपायचं, ते तुंबलंय.
आणि पार मागे एक नस,
दाबाखाली तंतू तंतू तुटतेय, न दुखता.

न दुखता. तिथंच फसलो.
डावीकडून बकरी आली ती थेट पायात.
एक बोडाबोडावाला शिव्या घालत गेला.
सगळ्याकडे काणाडोळा केला.
गल्ली म्हणायची, नाकासमोर चालणारा माणूस;
आता खरंच तेवढंच उरलंय.

थेंबांची बाटली दोन महिने आणली,
तिसऱ्या महिन्यात नातीची फी आली.
ऐकांडे डोळ्यांत तेल घालून वेळ पाळायची,
पण बाटलीच कोरडी, तर पाळणार काय?

म्हणून लेसर.
हनुवटी पट्टीवर, कपाळ पुढे,
डोळ्यावर गार, चिकट भिंग.
हलू नका.
हिरवा. टक्. हिरवा. टक्.
मी मोजत होतो, चाकाच्या काड्या मोजतो तसं.
छत्तीस झाल्या, दुसरं चाक धरलं,
तिसऱ्यातल्या अठ्ठाविसाव्या काडीला
बाई म्हणाल्या, झालं.
एवढंच?
एवढंच. पुढे कधी जाळी पुन्हा तुंबली, तर पुन्हा.

गेलेलं परत येणार नाही,
हे त्यांनी दोनदा सांगितलं,
एकदा मला, एकदा ऐकांडेला.
सहा आठवड्यांनी या, आकडा बघू.

बसमध्ये ती डाव्या बाजूला बसली.
मी काहीतरी बोललो, उत्तर नाही.
वळून पाहिलं तर झोपली होती,
मांडीवर माझी टोपी.

आज एक पोरगा ट्यूब घेऊन आला.
घमेल्यात बुडवून मी फिरवत गेलो,
पाणी गप्प.
पोरगा जरा थांबला, मग हळूच म्हणाला,
म्झे, तिकडे. डावीकडे.

मान वळवली.
होता. मोहरीएवढा, एकामागून एक,
कुणाला न सांगता वर येत होता.
अंगठा ठेवला त्याच्यावर,
आणि पोराला म्हटलं, पॅच दे.